मी स्वतः मागते

किल्ल्या देते, डॉर्कस, पण आधी जरा बैस. चहा गरम आहे आणि शेगडीतले कोळसे अजून तासभर पुरतील. हौद भरून झाला, वर फळ्याही बसवल्या. उद्या सकाळी तिघांचा बाप्तिस्मा आहे, तोवर आपल्याला इथे काही काम नाही. बाहेर धुकं उतरलंय. साडेचारच वाजलेत, तरी दिवा लावावा लागला. त्या दिवशीही असंच होतं.

कामाचं तुला सगळं सांगून झालं. हापशाचं पाणी चार तास ओढावं लागतं. तांब्याच्या हंड्यात दहा बादल्या उकळून त्यात ओतल्या की पाणी नुसतं गार राहतं, हाडं गोठवत नाही. तिसऱ्या पायरीवर रेघ ओढलेली आहे, तिच्यापर्यंतच भरायचं. त्याहून वर भरलं तर पाळक आत उतरल्यावर पाणी बाहेर येतं. पांढरे झगे धुवून वाळवायचे आणि दर वेळी त्यांच्या कडेत शिवलेलं शिसं चाचपून बघायचं. शिसं सुटलं की झगा पाण्यावर फुगून वर येतो, आणि मग दारात जमलेली टवाळ पोरं वर्षभर तेवढीच गोष्ट सांगत फिरतात.

आज मी हौद रेघेच्या दोन वीत खालीच थांबवला. तू विचारलंस, का म्हणून. मी म्हटलं, नंतर सांगते. तेच आता सांगते. बावीस वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आपल्या पाळकांनाही नाही.

तू थॉर्नशॉला लग्न होऊन आलीस तेव्हा कायदा बदलला होता. आता आपले पाळक चर्चच्या आवारात जाऊन आपल्या माणसांना माती देतात, दोन शब्द म्हणतात, आणि कोणी अडवत नाही. तेव्हा तसं नव्हतं. गावात पुरायची जागा एकच, ती चर्चची, आणि तिथला शब्द पाद्रीसाहेबांचा. आम्ही मोठेपणी अख्खे पाण्यात बुडतो म्हणून चर्चवाले आम्हाला बुडके म्हणायचे; ते तान्ह्याच्या कपाळावर पाणी शिंपडतात म्हणून आम्ही त्यांना शिंपडे. गिरणीतसुद्धा कापड विणायच्या साच्यांच्या दोन रांगा होत्या, एक बुडक्यांची, एक शिंपड्यांची. हसू नकोस. आपल्या चॅपेलच्या खिडकीला ती जी एक हिरवी काच आहे ना, वेगळीच दिसणारी, ती तेव्हा शिंपड्यांनी भिरकावलेल्या दगडामुळे बसवावी लागली.

माझ्या बहिणीची मुलगी झिला, तिने शिंपड्याशी लग्न केलं. जेम्स त्याचं नाव. कापूस पिंजायच्या खात्यात होता. हसतमुख पोरगा. दोघांनी ठरवलं होतं की मूल झालं तर बाप्तिस्मा लगेच नाही; ते मोठं होईल, आपल्या तोंडाने मागेल, मग बघू. मुलगी झाली. केझाया नाव ठेवलं. आम्ही केझी म्हणायचो. जेम्सच्या आईला हे अजिबात पटलं नाही. रविवारी चर्चमधून परतताना ती मुद्दाम आमच्या दारावरून जायची आणि मोठ्याने विचारायची, "काय थर्झाबाई, तुमच्यात मांजराला तरी बाप्तिस्मा देतात का? की तेही मोठं होऊन मागेल?"

मी म्हणायचे, "मांजर आलंय तुमच्या घरून, त्यालाच विचारा."

जेम्स केझीच्या तिसऱ्या वर्षी गेला. कापसाच्या धुळीने छाती भरली. तो शिंपड्यांचा, म्हणून त्याला चर्चच्या दक्षिणेला, मोठ्या यूच्या झाडाखाली जागा मिळाली. घंटा वाजली, प्रार्थना झाली, सगळं रीतीने. केझी रोज आईबरोबर तिथे जायची आणि मातीवर हात थोपटून यायची.

झिला गिरणीत असायची तेव्हा पोरगी माझ्याजवळ. आईचं ऐकून तीही मला मावशीच म्हणायची. मी इथे झाडायला, भांडी घासायला आले की ती मागे मागे. आपला बाप्तिस्मा तिने दोन-तीनदा पाहिला असेल. पाळक पाण्यात उभं राहून विचारतात, "तुला हे कोणी सांगितलं?" आणि पायरीवरचा माणूस म्हणतो, "कोणी नाही. मी स्वतः मागतो." मग पाळक म्हणतात, "मग ये." केझीला तेवढं पाठ झालं. ती कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने मांडायची आणि एकेकाला शिकवायची.

"कोणी सांगितलं? म्हण... कोणी नाही. म्हण ना! मी स्वतः मागते. पुन्हा म्हण."

चिमटा काही बोलायचा नाही. मग तीच त्याच्या वतीने बोलायची आणि बुडुक् करून टबात टाकायची. माझे सगळे चिमटे कायम ओले असायचे.

केझी चार वर्षांची झाली, त्या ऑक्टोबरात गावात घटसर्प आला. केझीलाही ताप भरला आणि चौथ्या दिवशी तिच्या घशात पांढरा पडदा धरला. शेवटचे दोन दिवस तिचा आवाजच गेला. मी रात्रभर तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते आणि पित्याचं नाव घेत होते. ती माझ्याकडे बघून ओठ हलवायची. सारखे तेच, तसेच हलवायची. मी म्हणायचे, "बोलू नकोस ग बाळा, घसा दुखेल." माझा अंगठा तिने घट्ट धरला होता. पहाटे तो सुटला.

दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेब स्वतः घरी आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. टोपी हातात धरून उभे राहिले. झिला पोरीच्या पेटीशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मधेच वळून ती एवढंच म्हणाली, "साहेब, हिला हिच्या बापाजवळ ठेवा. दुसरं काही मागत नाही."

पाद्रीसाहेब म्हणाले, "बाप्तिस्मा झालेला नसेल तर मला ते करता येत नाही. मला शब्द म्हणता येत नाहीत, घंटाही वाजवता येत नाही." मग माझ्याकडे वळले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्या उशाशी होतात. तिच्या कपाळाला पाणी लावलंत?"

"लावलं. ताप होता."

"आणि देवाचं नाव घेतलंत?"

"घेतलं."

"पाणी आणि नाव. अडचणीच्या वेळी एवढ्यावर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, आमचा नियमच आहे तसा. तुम्ही फक्त हो म्हणा. मी पुढे काही विचारणार नाही."

डॉर्कस, तो माणूस माझ्यासाठी दार उघडं धरून उभा होता. एका शब्दाचं काम होतं. पण मला ती हिरवी काच आठवली. साच्यांच्या रांगा आठवल्या, मांजराचा टोमणा आठवला. आणि मी ताठ मानेने म्हटलं, "नाही. तो बाप्तिस्मा नव्हता. मागितल्याशिवाय आम्ही देत नाही."

त्यांनी टोपी घातली. झिला माझ्याकडे बघत राहिली. ती रडली असती, ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

केझीला उत्तरेच्या भिंतीकडे पुरलं. तिकडे ऊन येत नाही. खाजऱ्या पाल्याचं रान माजलेलं, आणि त्याखाली शंभर वर्षांत पुरलेली तान्ही मुलं. आपलीही आणि त्यांचीही, कारण पाद्री पोचायच्या आत गेलेलं मूल शिंपड्यांचं असलं तरी तिकडेच जायचं. ना दगड, ना नाव. कबरी खणणारा सायलस होता, झिला होती आणि मी. पेटीवर माती पडली तेव्हा आवाज तेवढाच.

एक चूक माझ्या हातून झाली होती. चांगलं कापड घरात नव्हतं, म्हणून मी चॅपेलचा एक जुना बाप्तिस्म्याचा झगा कापून तिच्या मापाचा केला होता. कड मुडपताना हाताच्या सवयीने शिशाचे तुकडे आत शिवले गेले. सात तुकडे. माझ्या वडिलांनी छपराच्या शिशातून ठोकून दिलेले, प्रत्येकावर करवतीची एक खाच. लक्षात आलं तेव्हा पेटी खिळली गेली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या शनिवारी, मी असाच हौद भरला. गिरणी दोनला सुटली होती. लाकडी तळव्यांचे बूट खडखडत रस्त्यावरून गेले आणि मग धुक्यात सगळं गप्प झालं. मी पाणी रेघेपर्यंत आणलं, कोणी पडू नये म्हणून फळ्या बसवल्या, आणि तू बसली आहेस ना, त्याच बाकावर झगे शिवायला बसले. ओल्या चुन्याचा वास, दिव्याच्या तेलाचा वास. चार वाजून गेले असतील.

टक्.

मला वाटलं उंदीर.

टक्... टक्.

फळ्यांच्या खालून येत होतं. फरशीवर काहीतरी आपटावं तसं, पण पाण्याखालून. माझ्या हातात झगा होता, त्याची कड माझ्या बोटांत होती. पाण्यात झगा हलला की कडेतलं शिसं हौदाच्या फरशीला लागतं, त्याचा आवाज मी वीस वर्षं ऐकत होते. उंदीर नव्हता, हे मला लगेच कळलं. मी मोजत राहिले. सातपर्यंत जायचं आणि थांबायचं. पुन्हा सात.

मग पाणी हललं. फळीला खालून हलकेच लागलं.

"मावशी..."

आवाज बसलेला होता. बंद घशातून कसाबसा निघावा तसा. मी उठले नाही. उठताच आलं नाही. दिव्याची वात सरळ होती, वारा नव्हता.

"मावशी... कोणी नाही... कोणी नाही सांगितलं..."

आणि मग, एकेक शब्द ओढत...

"मी... स्वतः... मागते."

त्या क्षणी मला कळलं, शेवटच्या दोन दिवसांत ती ओठांनी काय म्हणत होती.

मी फळी उचलली. कंदील खाली धरला. पाणी काळं होतं आणि त्यात कोणीही नव्हतं. पण डॉर्कस, मी पाणी तिसऱ्या पायरीच्या रेघेशी थांबवलं होतं, आणि आता रेघ दिसत नव्हती. पाणी चार बोटं वर आलं होतं. हौदात कोणी उतरलं की येतं, तेवढं.

आपल्यात बायका बाप्तिस्मा देत नाहीत. हे तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं. हार्गेट पाळक तेव्हा पलीकडच्या गल्लीत राहायचे. हाक मारली असती तर आले असते. आले असते आणि त्यांना पाण्यात कोणीच दिसलं नसतं. मी पाद्रीसाहेबांना काय म्हटलं होतं, तेच मला आठवत होतं. मागितल्याशिवाय देत नाही. आता तर मागितलं होतं.

मी बूट काढले आणि कपड्यांनिशी उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं. गारठ्याने श्वास अडकला. मी दोन्ही हात पुढे धरले आणि म्हटलं, "मग ये."

हातांवर वजन आलं. चार वर्षांच्या पोरीचं वजन मला माहीत होतं, रोज उचलायचे मी तिला. दिसत काही नव्हतं. माझ्या नडगीवर झग्याची कड घासत होती आणि शिसं पायाला लागत होतं. मी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, हात पाण्याखाली नेले आणि वर आणले.

वर आणले तेव्हा हात हलके होते. मी बाहेर आले आणि पाणी सावकाश उतरून रेघेशी आलं.

पायऱ्यांवरून फरशीवर लहान पावलं उमटली होती, ओली. बाकांच्या मधून दारापर्यंत गेली होती. दार बंद होतं. उघडलं तर बाहेर पायरीवर पुढचं पाऊल होतं, आणि त्याच्या पुढे धुकं.

रविवारी सकाळी प्रार्थनेआधी सायलस मागच्या दाराने आला. शिंपड्यांचा माणूस, आपल्या दारात कधी पाय न ठेवणारा. त्याने मूठ उघडली.

"थर्झाबाई, हे तुमच्या बुडक्यांचंच ना?"

शिशाचे सात तुकडे होते. खाच असलेले.

"कुठे मिळाले?"

"जेम्सच्या मातीवर. यूच्या खाली. गोल मांडल्यासारखे पडले होते, एवढासा गोल." त्याने हातांनी दाखवला. लहान झग्याचा घेर असतो तेवढा. "आणि तिकडे उत्तरेला पोरीची माती खचलीय. कोल्हा असेल."

मी म्हटलं, "कोल्हा माती वर उकरतो, सायलस."

त्याने तुकडे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाला, "साहेबांना सांगत नाही मी. माती भरून घेतो." आणि जाता जाता, "तीस वर्षं खणतोय, बाई. उत्तरेला एकशे चाळीस तरी असतील. मी, माझा बाप, त्याचा बाप. मोजत कोण होतं?"

झिलाला मी काही सांगितलं नाही. त्या रविवारनंतर ती भिंतीकडे जायची थांबली आणि थेट यूच्या झाडाखाली जाऊन बसायला लागली. एकदा परत येताना तिने माझा हात धरला, केझीच्या मातीनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "मावशी, दोघं आहेत तिथे. मला कळतं." मी तिच्या हाताची पकड तेवढी धरून ठेवली. मला वाटलं, माझ्या एका शब्दाचं जे काही होतं ते फिटलं.

इथवर ऐकून तुला बरं वाटत असेल. मलाही वाटलं होतं. चार महिने.

वसंतात पुन्हा बाप्तिस्मे होते. हौद भरला, फळ्या बसवल्या, बाकावर बसले. शिशाचा आवाज नव्हता. सगळं शांत होतं, आणि मग खाली पाण्याच्या तोंडाशी काहीतरी बुडबुडलं. तान्ही मुलं ओठांनी फुरफुर करतात ना, तसं. एक नव्हे. हौदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आणि त्यात केझीचा आवाज, आता मोकळा झालेला, अगदी स्वच्छ.

"असं नाही. पुन्हा म्हण."

ती बापाजवळ पोचली होती, डॉर्कस. तरी ती परत आली होती. भिंतीजवळच्या सगळ्यांत चार वर्षांची तीच तर होती, जिला बोलता येत होतं. बाकीच्यांना कोणी बोलायला शिकवलंच नव्हतं. कोणी एका दिवसाचं, कोणी एका तासाचं. आणि मागितल्याशिवाय आम्ही देत नाही, हे तिने ऐकलं होतं. मीच म्हटलं होतं, तिच्या पेटीपाशी उभी राहून.

तान्ही मुलं सावकाश शिकतात. पहिली काही वर्षं नुसता श्वास होता. मग ओठ मिटल्याचा, उघडल्याचा आवाज यायला लागला. केझी कधी रागावायची नाही. जशी चिमट्यांना शिकवायची, तशीच. मी हौद भरायचे, बाकावर बसून ऐकायचे आणि फळी उचलायचे नाही. त्यांनी मागितलंच नव्हतं अजून. मागच्या शरदात एक शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. दात नसलेल्या तोंडातून येतो तसा, पण सगळ्यांचा मिळून. "मी."

मार्चमध्ये ऐकू आलं, "मी... स्वतः..."

एकच शब्द राहिलाय.

माझे गुडघे गेले, तुला ठाऊक आहे. चार पायऱ्या उतरून मी आता कमरेभर पाण्यात उभी राहू शकत नाही. म्हणून पाळकांना म्हटलं की चॅपेलच्या किल्ल्या डॉर्कसला द्या. तू सहा मुलं वाढवलीस, तुझे हात धरायला पक्के आहेत. त्यांनी मागितलं तर तू नाही म्हणू नकोस. माझ्यासारखी ताठ मान करू नकोस. फळी उचलायची, उतरायचं, आणि म्हणायचं, मग ये. एकेकाला. कितीही वेळ लागला तरी.

रेघेच्या दोन वीत खाली का थांबवलं, ते आता कळलं ना? जागा ठेवली मी.

पाय वर घेऊ नकोस, डॉर्कस. फळ्यांच्या फटीतून येतंय ते पाणीच आहे नुसतं.

श्श... ऐक.